पाण्याच्या पंपाचं पेट्रोल इंजिन: चालवणं, बंद करणं आणि जपून ठेवणं

शेतावरचा २ इंची पाणी पंप, पॉवर विडर (तण काढायचं मशीन), दुकानाबाहेरचा छोटा जनरेटर. यांतल्या बहुतेकांवर एकाच जातीचं इंजिन बसवलेलं असतं: एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं, १६० सीसीच्या आसपास, ५ ते ५.५ एचपी. खालचे आकडे याच इंजिनाचे आहेत. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर पुस्तिकेतलाच धरा.

आधी विहिरीचं

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप पाणी ओढेनासा होतो. मग दोर बांधून इंजिनच विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं जातं. हे कधीही करू नका, अगदी दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत वारा खेळत नाही, त्यामुळे तो तिथेच साठत जातो आणि रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. धोका लक्षात येईपर्यंत वर चढून येण्याची ताकद गेलेली असते. मग काठावरचा माणूस खाली उतरलेल्याला काढायला उतरतो आणि तोही तिथेच कोसळतो. एकाच विहिरीत दोघं-तिघं जातात ते असे. इंजिन बंद झालं तरी वायू लगेच निघून जात नाही, म्हणून आत कुणी पडलेलं दिसलं तरी श्वसनाच्या साधनाशिवाय खाली उतरायचं नाही. लगेच ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. त्या माणसाच्या कमरेला दोर असेल, तर वरूनच ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला कळवा.

पंप खालून पाणी का ओढत नाही, हे कळलं तर इंजिन उतरवायचा मोह होणार नाही. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं काम हवेचा दाब करतो. पंप पाइपात पोकळी तयार करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवू शकतो. देशावर ६०० मीटर उंचीच्या गावात तोच आकडा साडेनऊच्या आसपास येतो. पाइपातलं घर्षण, फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) आणि जोडांतली गळती वजा जाता हातात ६ ते ७ मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट उरतात. इंजिन १० एचपीचं आणलं तरी यात फरक पडत नाही. पाणी त्याखाली गेलं असेल तर विजेचा सबमर्सिबल पंप खाली सोडा. वीज नसेल तर जनरेटर वर, विहिरीपासून लांब ठेवा आणि फक्त केबल खाली जाऊ द्या. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते, तेव्हा जनरेटरची क्षमता मोटरवाल्याला विचारूनच ठरवा.

हाच धोका बंद गोठ्यात, शटर अर्धं ओढलेल्या दुकानात आणि बाल्कनीतही असतो. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा आणि सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांकडे येऊ देऊ नका.

ऑइल

दर वेळी सुरू करण्याआधी ऑइल बघायचं. इंजिन सपाट जागेवर ठेवा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून परत काढा. आटे फिरवून बघितलं तर काठी जास्त खोल जाते आणि आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दिसतं. या इंजिनात जेमतेम ०.६ लिटर ऑइल बसतं. एवढ्याशा ऑइलमध्ये दोनशे मिली कमी पडलं तर तिसरा हिस्सा गेला, हे लक्षात असू द्या. ऑइल १०डब्ल्यू-३० चालतं, आपल्याकडच्या उन्हात एसएई ३० सुद्धा चालतं. फोर-स्ट्रोकचंच घ्या.

जास्त ऑइल भरणंही वाईट. ते ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये येतं, फिल्टर भिजतो आणि सायलेन्सरमधून पांढरट निळा धूर निघतो.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं. नवे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ही पहिली बदली चुकवू नका. त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. धुळीत चालणाऱ्या पॉवर विडरला ५० तासांनीच बदललेलं बरं. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि ऑइल कोमट असतानाच काढा, म्हणजे तळाचा गाळही त्याच्याबरोबर येतो. तास लक्षात राहत नाहीत. टाकीला चिकटपट्टी लावून तीवर तारीख आणि तास लिहीत जा.

बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर असतो. बांधाच्या उतारावर ठेवलेला पंप अचानक बंद पडला आणि सुरूच होत नसेल, तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलायच्या आधी इंजिन सपाटीवर आणून ऑइल बघा. उतारावर ऑइल एका बाजूला गेलं तरी सेन्सर स्पार्क बंद करतो.

पेट्रोल

गवत कापायच्या टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये २टी ऑइल मिसळावं लागतं: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल. घरात दोन्ही मशीन असतील तर दोन कॅन ठेवा आणि त्यांवर ठळक अक्षरात लिहा. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण गेलं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो, त्यावर निभावतं. टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल गेलं तर पिस्टनला वंगणच मिळत नाही आणि ते सिलिंडरमध्ये चिकटतं.

चालू किंवा तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका. बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंत किंवा बिडीपर्यंत पोचते. जाळीचं नरसाळं वापरा. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, बोटभर जागा सोडा. सांडलेलं पुसून घ्या आणि वाफ उडाल्यावरच दोरी ओढा. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही. घरात लहान मुलं असतात.

सुरू करताना

पंप असेल तर आधी त्याच्या पोटात पाणी भरा. कोरडा पंप फिरला की आतलं मेकॅनिकल सील तापून थोड्याच वेळात जळतं आणि मग इंजिनाच्या बाजूने पाणी गळू लागतं. ओढणारा पाइप कडक, तारेचा हवा. मऊ पाइप पोकळीने चपटा होतो. क्लॅम्प घट्ट करा. तिथून हवा शिरत असेल तर इंजिन कितीही जोरात चालो, पाणी चढत नाही. पाइपाच्या टोकाची जाळी टोपलीत ठेवा, म्हणजे ती चिखलात रुतत नाही.

मग पेट्रोल कॉक उघडा. इंजिन थंड असेल तर चोक लावा, म्हणजे त्याची हवेची झडप बंद करा, ॲक्सिलरेटर थोडा पुढे घ्या, स्विच ऑन करा. दोरीची मूठ हळू ओढा. एका जागी जड लागेल, तिथे पिस्टन वर आलेलं असतं. तिथून एका झटक्यात ओढा आणि मूठ हातातच धरून परत जाऊ द्या. सोडून दिली तर ती आपटते आणि स्टार्टरची स्प्रिंग तुटते. दोरी हाताला गुंडाळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं. सुरू झाल्यावर चोक हळूहळू उघडा, दोन-तीन मिनिटं तापू द्या, मग लोड द्या. गरम इंजिनाला चोक लागत नाही.

चोक लावून दहा-बारा वेळा ओढलं आणि पेट्रोलचा वास येऊ लागला, म्हणजे पेट्रोल ओव्हर झालं. चोक उघडा, स्विच बंद करा, प्लग काढून पुसा. भोकावर फडकं धरून चार-पाच वेळा दोरी ओढा, थोडं थांबा आणि प्लग परत बसवा. स्पार्क बघायचा असेल तर प्लगची बॉडी भोकापासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून बघा. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिथे ठिणगी पडली तर भडका उडतो.

जास्त पाणी मिळावं म्हणून काही जण गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग ताणतात. हे इंजिन साधारण ३६०० आरपीएमच्या हिशोबाने बांधलेलं असतं. त्यापुढे नेलं की कनेक्टिंग रॉड तुटून केसिंग फोडून बाहेर येऊ शकतो. छोट्या जनरेटरला तर ५० हर्ट्झसाठी ३००० आरपीएमच लागतात. वेग बदलला की व्होल्टेज बदलतं आणि घरातली उपकरणं जळतात.

एअर फिल्टर

इंजिन लवकर म्हातारं होतं ते धुळीने. फिल्टरशिवाय किंवा फाटक्या फिल्टरवर चालवलं की धूळ ऑइलमध्ये मिसळून तिचा पॉलिशपेपर होतो आणि रिंगा व सिलिंडर घासले जातात. दोरी पूर्वीपेक्षा हलकी लागायला लागली आणि ऑइल कमी होत चाललं, तर हे झालेलं आहे.

फिल्टर ५० तासांनी साफ करायचा, पॉवर विडर किंवा मळणीच्या धुळीत मात्र रोज उघडून बघायचा. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवा आणि मुठीत दाबून जादा ऑइल काढा. पिळू नका, फाटतो. कागदाचा फिल्टर धुवायचाही नाही आणि त्याला ऑइलही लावायचं नाही. हलकेच आपटा किंवा आतून बाहेर हवा मारा. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. त्याच वेळी सिलिंडरच्या पट्ट्यांमधला कचराही काढा. इंजिन हवेवर थंड होतं ते त्या फटींतून, आणि विडरवर तिथेच गवत अडकतं.

प्लग काय सांगतो

१०० तासांनी प्लग काढून बघा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर चोक अर्धा लागलेला आहे किंवा फिल्टर बंद आहे. तेलकट ओलं असेल तर ऑइल जास्त भरलंय किंवा रिंगा गेल्यात. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय: जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा किंवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा. गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवा. बसवताना आधी हातानेच आटे धरा, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि वाकडा बसलेला प्लग त्याचे आटे खाऊन टाकतो. हाताने टेकल्यावर पान्याने नवा प्लग अर्धा फेरा, जुना फक्त अष्टमांश ते पाव फेरा.

चालू होऊन बंद पडणं

पाच मिनिटं चालून बंद पडत असेल तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. फक्त चोकवरच चालत असेल, तर मात्र जेट चोंदलाय.

कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या खालची वाटी एका बोल्टवर असते. खाली भांडं धरून तो काढा. वाटीत बघा: तळाशी पाण्याचे थेंब वेगळे लोळताना दिसतील, कधी हिरवट-पांढरा थर दिसेल. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) पिन बाजूला सरकवली की फ्लोट आणि त्याला अडकलेली सुई खाली येते. ती हरवू देऊ नका. मधल्या नळीत चपट्या स्क्रूड्रायव्हरने निघणारा पितळी तुकडा म्हणजे मेन जेट. तो उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेने साफ करा, फार तर केबलमधली एक मऊ तांब्याची तार घाला. सुई घातली की पितळेचं भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं जास्त पेट्रोल खाऊ लागतं. वाटीचं रबरी रिंग गॅस्केट पेट्रोलने फुगून खाचेत बसत नसेल, तर फेकू नका. तास-दोन तास वाऱ्यावर ठेवा, आकसून बसतं.

पडून राहणार असेल तर

ही सगळी घाण बहुधा मशीन चालताना नव्हे, तर पडून असताना साठते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धी टाकी महिनोन्‌महिने राहिली, तर पाणी धरलेलं इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि वाटीतला धातू खातं. जुन्या इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. त्यांच्या रबरी नळ्या दर वर्षी दाबून बघा. चिकट किंवा भेगाळलेली नळी लगेच बदला.

चार-सहा दिवसांसाठी ठेवायचं असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटी रिकामी होते. महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर टाकी आणि वाटी पूर्ण रिकामी करा, ऑइल बदला, पंपाच्या पोटातलं पाणी काढा. स्विच बंद ठेवून प्लग काढा, भोकातून चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडा, दोरी दोन-तीन वेळा ओढा आणि प्लग बसवा. शेवटी दोरी जड लागेपर्यंत हळू ओढून तिथेच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आत दमट हवा जात नाही.

पुढच्या हंगामात ताजं पेट्रोल भरून सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं निळसर धूर येईल. तो त्या चमचाभर ऑइलचा असतो, इंजिन तापलं की थांबतो.