मुरमांसाठी हिरवी स्मूदी: काय घालायचं, काय टाळायचं

स्मूदीने मुरमं धुऊन निघत नाहीत. तिचा फायदा असा की सकाळचा गोड, मैद्याचा नाश्ता सुटतो. रक्तातली साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन वाढतं, त्यापाठोपाठ त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि छिद्रं बुजतात.

एका ग्लासासाठी मूठभर (साधारण ३० ग्रॅम) धुतलेला पालक, अर्धी काकडी, अर्धं हिरवं सफरचंद सालीसकट, एक चमचा जवसाची ताजी पूड, थोडं लिंबू आणि २०० मिली पाणी. आधी फक्त पालक आणि पाणी ४० सेकंद फिरवा, मग बाकीचं. सगळं एकदम टाकलं तर पानांचे तुकडे दाताखाली येतात. गाळू नका, चोथा गेला की उरतं ते साखरपाणीच.

बिघडतं ते इथेच: चव येईना म्हणून दोन केळी, खजूर, मध, वर पॅकेटमधला ज्यूस. रंग हिरवा, काम सरबताचं! दुधाऐवजी पाणीच बरं. व्हे प्रोटीनची (दुधापासून काढलेल्या प्रथिनांची) पूडही नको, काहींची मुरमं तिनेच उसळतात. नुसत्या स्मूदीवर राहू नका, सोबत अंडं किंवा मूठभर शेंगदाणे घ्या.

फरक जोखायला १० ते १२ आठवडे द्या. मूतखडा झालेला असेल किंवा वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल, तर पालकाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, तिथे आहार पुरा पडत नाही.