रॅटने लिव्हर दाबणं कमी केलं म्हणजे नालट्रेक्झोन लागू पडलं असं नाही, नीट टेस्ट कसं करायचं

एमफार्मला फार्माकोलॉजी घेतलेल्यांसाठी लिहितोय. नालट्रेक्झोन म्हणजे मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध, ते रॅटचं मॉर्फिनचं व्यसन कमी करतं का हे तपासायचं असतं, आणि लिव्हर म्हणजे पिंजऱ्यातली दाबायची दांडी. कागदपत्रं सगळ्यात आधी, कॉलेजच्या अॅनिमल एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाचा अर्ज) टाका आणि मॉर्फिन वापरणार म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालची परवानगी आली, ती हातात नसेल तर बाकीचं प्लॅनिंग करून काही उपयोग नाही.

आता मेन काम. रॅटच्या मानेतल्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी), पिंजऱ्यात दोन लिव्हर, एक दाबलं की मॉर्फिन, दुसरं दाबून काहीच नाही. ही पद्धत जेम्स वीक्सने १९६२ मध्ये दाखवली, अजूनही तीच चालते. रोजचा काउंट सारखा यायला लागला की सेशनच्या आधी नालट्रेक्झोन द्या, एकच डोस नको, कमीतकमी तीन डोस आणि सोबत सलाइन, प्रत्येक रॅटला उलटसुलट क्रमाने आणि मधे गॅप ठेवून.

इथेच सगळे गडबडतात. छोट्या डोसला लिव्हर दाबणं कमी नाही होत, वाढतं! मग पोरं घाबरून गाइडकडे पळतात की सर औषधाने व्यसन वाढलं. तसं नाहीये, नालट्रेक्झोन आणि मॉर्फिन एकाच म्यू रिसेप्टरसाठी (पेशीवरची मॉर्फिन जिथे चिकटतं ती जागा) भांडतात, ब्लॉक अर्धवट असला की रॅट जास्त मॉर्फिन घेऊन तो भरून काढतो. डोस मोठा असेल तर आधी थोडा वेळ जोरात दाबतो आणि मग कितीही दाबलं तरी काही मिळत नाही म्हटल्यावर सोडून देतो, म्हणून नुसता टोटल काउंट बघू नका, दर दहा मिनिटांचा वेगळा काढा.

दाबणं कमी झालंच तर रॅट सुस्त तर नाही ना पडला हे बघायला खाण्याच्या गोळीसाठी लिव्हर दाबणारा वेगळा ग्रुप लागतो. (नालट्रेक्झोनने खाणंही थोडं कमी होतं, विशेषतः गोडधोड, त्यामुळे तिथे जरा घट दिसली तर दचकू नका.) आणि सेशन छोटी ठेवा. रॅट मॉर्फिनवर पक्का अवलंबून झाला असेल तर नालट्रेक्झोन दिल्या दिल्या विड्रॉवल (नशा तुटल्याचा त्रास) सुरू होतो, ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकणं, जुलाब, वजन उतरणं, मग तो लिव्हर कशाला दाबेल? माणसालाही याच कारणासाठी आधी ७ ते १० दिवस ओपिऑइड (मॉर्फिनसारखी औषधं) बंद ठेवूनच नालट्रेक्झोन देतात.

सेटअप नसेल तर कंडिशन्ड प्लेस प्रेफरन्स करा (औषध जिथे मिळालं त्या जागेकडे रॅट नंतर जास्त जातो का ते बघायचं), स्वस्तात होतं, फक्त नुसत्या नालट्रेक्झोनचाही एक ग्रुप ठेवा कारण तो एकटा दिला तरी रॅट ती जागा टाळायला लागू शकतो.

आणि हो, कॅथेटर तुंबलं तरी ग्राफ अगदी मोठ्या डोससारखाच येतो, आधी वर मग खाली. त्यामुळे दर काही दिवसांनी सेशन संपल्यावर कॅथेटरमधून झटपट चढणारं भुलीचं औषध थोडंसं सोडून बघा, काही सेकंदात रॅट ढिला पडला नाही तर त्या रॅटचा मागच्या चेकनंतरचा सगळा डेटा बाजूला काढा.