बर्फाच्या थंडीत डेलिया, कर्दळ, कॅलॅडियमचे कंद कसे टिकवायचे

जिथे हिवाळ्यात माती गोठते तिथे असले कंद जमिनीत ठेवले तर गेलेच समजा, आतलं पाणी गोठून पेशी फुटतात आणि थंडी सरल्यावर हाताला नुसता लगदा लागतो. म्हणून काढून घरात ठेवायचे, पण सगळे एकाच खोक्यात भरून एकाच कोपऱ्यात ठेवू नका प्लीज, प्रत्येकाला मानवणारं टेंपरेचर वेगळं असतं आणि खरी गोम तिथेच आहे.

डेलिया आणि कर्दळ काढायची घाई नको, पहिलं दहिवर (म्हणजे गोठलेलं दव) पडून पानं काळी झाली की मग काढा, तोपर्यंत कंद भरत असतात. कॅलॅडियमला मात्र तेवढीही थंडी सोसत नाही, रात्री 13 अंशांच्या आसपास यायला लागल्या की लगेच काढा.

डेलियाचं खोड 10-15 सेंटीमीटर ठेवून वरचं कापा, लांबून गोल खणा आणि गड्डा खालून उचला, खोड धरून अजिबात ओढू नका. कारण डेलियाचे डोळे कंदावर नसतात, कंद खोडाला जुळतो तिथे असतात, ती मान मोडली की कंद कितीही जाडजूड असो त्याला कोंब येत नाही. कळलावीचा कंदही असाच ठिसूळ, टोक तुटलं तर संपलं, शिवाय विषारी आहे त्यामुळे लेबल लावून मुलांपासून आणि किचनपासून लांबच ठेवा.

डेलिया, कर्दळ सावलीत एक-दोन दिवस सुकले की पुरे. ग्लॅडिओलसला उबदार हवेशीर जागी 2-3 आठवडे लागतात, मग खालचा जुना सुरकुतलेला कंद हाताने सहज सुटतो, तो टाकून द्या.

आता टेंपरेचर. ग्लॅडिओलस जाळीच्या पिशवीत कोरडे, 2 ते 7 अंश. डेलिया 4 ते 10, कर्दळ आणि शोभेचं अळू 7 ते 10, हे तिन्ही जेमतेम ओलसर कोकोपीट किंवा लाकडाच्या भुशात, मूठ दाबली तर पाणी निघता कामा नये. कॅलॅडियम कोरडं आणि 15 अंशांच्या वर, म्हणजे तळघरात नाहीच, घरातल्या कपाटात. हवाबंद प्लास्टिक नको, बुरशी धरते. आणि शेजारी सफरचंदं नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने कंद खराब होतात.

कुंडीतच असतील तर एवढा खटाटोप नको, पानं कापून अख्खी कुंडी आत आणा आणि पाणी जवळपास बंद करा.

महिन्यातून एकदा तरी उघडून हात लावून बघाच. सुरकुतला असेल तर भुशावर थोडं पाणी शिंपडा, मऊ पडला असेल तर पांढरा चांगला भाग दिसेपर्यंत कापा आणि काप सुकल्यावरच परत ठेवा, वास येत असेल तर मोह न धरता टाका नाहीतर शेजारचेही कुजतात.

शेवटचं दहिवर पडायच्या साधारण 6 आठवडे आधी कुंडीत लावून घरात उजेडात ठेवा, फुलं लवकर येतात. बाहेर लावताना माती डेलियाला 15 अंश तरी हवी, कॅलॅडियमला 20 च्या वर, ते गार मातीत उगवत नाही, कुजतं.