भारतात जायच्या आधी स्किमरची तयारी

डिसेंबरच्या सुट्टीत तीन-चार आठवडे भारतात जायचं ठरलं की अमेरिकेतल्या आपल्या घरांमध्ये बॅगांचं वजन आणि भेटवस्तूंची यादी सुरू होते. घरात रीफ टाकी (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) असेल तर या यादीत प्रोटीन स्किमरही (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवा, आणि तोही निघायच्या आदल्या रात्रीसाठी नव्हे. मोठी सफाई आठ-दहा दिवस आधीच उरकून घ्या. नुकताच धुतलेला स्किमर एक-दोन दिवस भरवशाचा नसतो. कधी फेस वर चढतच नाही, तर कधी पातळ पाणी भसाभस वरच्या कपात (घाण जमा होते त्या भांड्यात) येतं. हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत होऊन जायला हवं.

सामान फार लागत नाही. दुकानात मिळणारं पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर, फक्त टाकीसाठी ठेवलेली बादली, बाटली धुवायचा ब्रश, जुना टूथब्रश, नळ्यांसाठी बारीक ब्रश, रबरी मोजे. ओ-रिंगा आणि एक जादा इम्पेलर (पंपातलं फिरणारं चक्र) मात्र महिनाभर आधी मागवून ठेवा, कारण इम्पेलर तुटला तर त्याच मॉडेलचा लागतो. साबण या बादलीच्या आसपासही येऊ देऊ नका. स्किमरचं सगळं काम हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर चालतं. बुडबुड्याला चिकटून सेंद्रिय घाण वर येते. साबणाचा अंश राहिला तर नुसता फेसच फेस होतो.

काम दिवसा, टाकीचे दिवे चालू असताना काढा. स्किमर पाण्यात हवाही मिसळत असतो, त्यामुळे तो बंद असताना प्रवाळांच्या प्रकाशसंश्लेषणाचा ऑक्सिजन कामी येतो. टाकीतले वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारे पंप) चालू राहू द्या. स्किमरचा प्लग काढा, जोडणीचा फोटो घ्या आणि स्किमरमधल्या पाण्याची पातळी ठरवणारा नॉब कुठे होता तिथे मार्करने रेघ मारा. ही रेघ पुढचा सगळा त्रास वाचवते.

खरा वेळ स्किमरच्या पंपाला द्या. रीफच्या पाण्यात कॅल्शियम ४००-४५० पीपीएम असतं, आणि पंपाच्या उबेने त्याचं कार्बोनेट इम्पेलरच्या चुंबकावर व आतल्या खोबणीत साचत जातं. आधी आवाज वाढतो, मग बुडबुडे मोठे आणि कमी होतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पंप त्यातच तासभर चालवा, मग सुटा करून भाग भिजत ठेवा. फसफस थांबली आणि थर तरीही उरला, तर ताजं व्हिनेगर घ्या. इम्पेलरचा सिरॅमिकचा दांडा जरा वाकवला तरी मोडतो, तो सरळच ओढा. याच बादलीत ब्लीच कधीही घालू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. शेवटी सगळं साध्या पाण्याने खळखळून धुवा.

हवेच्या नळीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ती जिथे पंपाला जोडलेली असते तिथे मिठाची खपली धरते आणि हवा हळूहळू कमी होते. आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) कोमट पाणी त्यातून ओता, बारीक ब्रश फिरवा. ही नळी खोलीतलीच हवा ओढते, म्हणून निघण्याआधी घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर ते माझ्या मते परत आल्यावर करावं. कीटकनाशकाला कोळंबी आणि खेकडे चटकन बळी पडतात.

कप आणि नेकमधला (कपात फेस चढतो ती नळी) चिकट थर फेसाला चढू देत नाही. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. ॲक्रिलिकवर घासणी, अल्कोहोल किंवा उकळतं पाणी नको.

परत बसवल्यावर नॉब रेघेपेक्षा खालच्या पातळीवर ठेवून सुरुवात करा आणि दोन दिवसांत सावकाश वर आणा. प्रवासासाठी मात्र नेहमीपेक्षा कोरडी सेटिंग ठेवा. म्हणजे पातळी जरा खाली. कपात गडद आणि थोडं पाणी निघालं तरी चालेल. स्किमर ओसंडला की खारं पाणी बाहेर जातं, आणि ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) त्या जागी गोडं पाणी भरत राहतो. ३०० लिटरच्या टाकीतून असं १५ लिटर गेलं तर पाण्याचा खारटपणा दर हजारी ३५ वरून सुमारे ३३ वर येतो, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कप भरताच स्किमरची वीज तोडणारा फ्लोट स्विच हा या यादीतला सर्वात मोलाचा खर्च.

टाकी बघायला येणाऱ्या शेजाऱ्यांना एकदा समोर करून दाखवा: आठवड्यातून एकदा स्किमर बंद करून कप टॉयलेटमध्ये रिकामा करायचा, नेक पुसायची, कप परत बसवून स्किमर चालू करायचा. टाकीत हात घातल्यावर किंवा खाणं टाकल्यावर फेस काही तास बसतो, तेव्हा नॉबला हात लावायचा नाही. प्रत्येक प्लगवर टेपने नाव लिहा. काही बिघडलंच तर फक्त स्किमरचा प्लग काढायचा. त्याच्याशिवाय टाकी काही दिवस निभावते. रिटर्न पंप (टाकीत पाणी परत ढकलणारा), वेव्हमेकर आणि हीटर मात्र बंद पडता कामा नयेत.

निघायच्या दिवशी कप रिकामा करा, नेक पुसा, फेस पुन्हा चढला की नाही ते बघा. नॉब त्या दिवशी फिरवू नका.