ऑफिसच्या इमारतीला फायर अलार्म बसवण्याआधी

कोटेशन मागवण्याआधी इमारतीचा नकाशा हातात घ्या आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालत जा. प्रत्येक खोलीत काय पेटू शकतं, रोज वाफ किंवा धूळ कुठे होते, रात्री उशिरा एकटं कोण बसतं, हे नकाशावरच लिहा. फॉल्स सीलिंगची टाइल उचलून वरची पोकळीही मोजा. ब्रिटिश मानकानुसार ती ८०० मिमी किंवा जास्त असेल, तर साधारणपणे तिथेही डिटेक्टर (धूर किंवा उष्णता ओळखणारं उपकरण) लागतो. अग्निशमन दलाचे स्थानिक नियम याच टप्प्यावर बघून ठेवा.

मग पॅनेल, म्हणजे सगळे डिटेक्टर जोडलेले असतात ती नियंत्रणपेटी. दोन-चार खोल्यांच्या ऑफिसला कन्व्हेन्शनल पुरतं, पण त्यावर फक्त झोन, म्हणजे इमारतीचा कोणता भाग, एवढंच कळतं. मजले अनेक असतील तर अ‍ॅड्रेसेबलच घ्या, कारण त्यात नेमका कोणता डिटेक्टर वाजला ते दिसतं आणि शोधाशोधीत मिनिटं जात नाहीत. त्याची केबल लूपमध्ये फिरून पॅनेलला परत येते, त्यामुळे एका ठिकाणी तुटली तरी दोन्ही बाजूंनी काम चालतं. शॉर्ट सर्किट झालं तर मात्र बिघडलेला तुकडा बाकीच्या लूपपासून तोडणारे आयसोलेटर हवेत. ते किती आणि कुठे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ डिटेक्टरांना द्या. चार वेळा उगाच वाजलेल्या अलार्मला पाचव्यांदा कुणी खुर्चीवरून उठत नाही, आणि ही सवय मला आगीइतकीच धोक्याची वाटते. म्हणून पॅन्ट्रीत धुराचा नको, उष्णतेचा डिटेक्टर लावा. धुमसणाऱ्या केबल आणि फोमसाठी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने धूर ओळखणारा प्रकार चांगला. सर्व्हर रूममध्ये एसीच्या झोतात धूर पातळ होऊन पसरतो, तिथे नळीतून हवा ओढून तपासणारी यंत्रणा महाग असली तरी योग्य. एसीच्या तोंडापासून डिटेक्टर किमान १ मीटर दूर असावा.

हूटरचा, म्हणजे अलार्मच्या भोंग्याचा आवाज सगळी दारं बंद करून मोजायला सांगा: साधारण ६५ डेसिबल, किंवा नेहमीच्या गोंगाटापेक्षा किमान ५ जास्त, यातलं जे मोठं असेल ते. ऐकू न येणारा सहकारी स्वच्छतागृहात एकटा असू शकतो, त्यामुळे तिथे लुकलुकणारा दिवा लागतोच. वीज गेली तर बॅटरीवर यंत्रणा २४ तास चालू राहावी आणि त्यानंतरही अर्धा तास अलार्म वाजू शकावा.

कार्डावर उघडणारी दारं अलार्मबरोबर आपोआप मोकळी होतात का, लिफ्ट ठरलेल्या मजल्यावर येऊन थांबते का, एसीचे पंखे बंद होतात का, याचा तक्ता करारालाच जोडा. या जोडण्या बहुधा ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात, आणि बाहेर पडणारी माणसं त्याच बंद दारापाशी अडकतात.

सही करण्याआधी एवढं विचारा: पॅनेलचा पासवर्ड आणि प्रोग्रॅमची फाइल आपल्या ताब्यात मिळेल का, दुसरा ठेकेदार ही यंत्रणा सांभाळू शकेल का, आणि दर आठवड्याला वेगवेगळ्या कॉल पॉइंटवरून (हाताने अलार्म वाजवायच्या बटणावरून) चाचणी कोण घेणार. त्या माणसाचं नाव करारात लिहून घ्या.