डिस्क ‘रिकामी’ दिसली म्हणून पुसू नका: व्हीएम स्टोरेजमधल्या या चुका टाळा

सगळ्यात जास्त राग मला एकाच चुकीचा येतो. बॅकअप लवकर उरकावा म्हणून व्हीएम (आभासी संगणक) चालवणाऱ्या ईएसएक्सआय होस्टचे डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा, ज्या लनवर (सामायिक स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेल्या डिस्कवर) असतात, तेच लन विंडोजच्या बॅकअप सर्व्हरलाही दाखवलेले असतात. विंडोजला व्हीएमएफएस, म्हणजे डेटास्टोअरची फाइल सिस्टीम, वाचता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन टीबीची अनोळखी डिस्क दिसते आणि कुणाचा तरी हात शिवशिवतो.

आमच्याकडे एका नव्या मुलाने ती ऑनलाइन घेतली, डिस्कपार्ट हे विंडोजचं डिस्कचं टूल उघडलं आणि ‘क्लीन’ ही पुसायची कमांड मारली. चार सेकंदांत पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत याची नोंद, गेलं. व्हीएम मात्र चालूच होते, कारण होस्टने डेटास्टोअर आधीच उघडलेला होता. अर्ध्या तासाने तो स्वतःहून येऊन म्हणाला, “सर, डिस्क रिकामी वाटली.” त्याने लपवलं नाही, म्हणूनच आम्ही वाचलो. टीममधला एक जण होस्ट रीबूट करायला निघाला होता, त्याला अक्षरशः हात धरून थांबवलं. रीबूट झाला असता तर डेटास्टोअर परत माउंटच झाला नसता. आधी चालू व्हीएमच्या आतून डेटाबेस बाहेर काढले. मग ईएसएक्सआयवरच्या पार्टेडयूटिल या टूलने पार्टिशन पुन्हा लिहिलं. व्हीएमएफएस ५ साठी सुरुवात सेक्टर २०४८ पासून, आणि शेवटचा सेक्टर माझ्या टिपणात होता. प्रत्येक लनचं पार्टिशन टेबल मी टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवतो, ते त्या रात्री कामी आलं.

तेव्हापासून बॅकअप सर्व्हरवर सॅन पॉलिसी ‘ऑफलाइन शेअर्ड’ (सामायिक डिस्क आपोआप ऑनलाइन येत नाहीत) आणि ऑटोमाउंट (नवी व्हॉल्यूम आपोआप जोडणं) बंद. स्टोरेजवर सोय असेल तर त्या सर्व्हरला लन रीड-ओन्लीच द्या. डिस्कला हात लावण्याआधी तिचा एनएए आयडी (लनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मी मोठ्याने वाचतो आणि शेजारचा माणूस तो यादीशी ताडून बघतो. पाच मिनिटं जातात. जाऊ देत.

केव्हीएमवाल्यांची, म्हणजे लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्यांची, आवडती चूक म्हणजे चालू व्हीएमचा एलव्ही (डिस्क म्हणून दिलेला लॉजिकल व्हॉल्यूम) होस्टवर ‘फक्त बघायला’ माउंट करणं. रीड-ओन्ली माउंट केलं तरी ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम जर्नल रीप्ले करते (नोंदवहीतले अर्धवट राहिलेले बदल पूर्ण करते), म्हणजे डिस्कवर लिहितेच. एलव्हीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या आणि त्यात डोकवा.

केव्हीएमसोबत व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामच्या २.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, इमेजवर (व्हीएमच्या डिस्कच्या फाइलवर) आपोआप लॉक लागतो. ‘राइट लॉक मिळाला नाही’ असा एरर आला की लॉकिंग बंद करायचा उपाय शोधू नका. ती इमेज दुसरा कुणीतरी वापरतोय, बहुधा चालू असलेला व्हीएमच. आधी तो बंद करा.

बेस इमेजवर ओव्हरले (मूळ इमेजवर फक्त बदल साठवणाऱ्या फाइली) उभे असतील तर बेसमध्ये एक बाइटही लिहू नका, सगळे ओव्हरले खराब होतात. फाइलची राइट परवानगी काढून टाका.

डीडी ही लिनक्सची डिस्क कॉपी करायची कमांड चालवताना एसडीबी, एसडीसी या डिस्कच्या नावांवर विसंबू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. बाय-आयडीचा (डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखीवरचा) पूर्ण पाथ द्या, आणि तो जुन्या कमांडच्या हिस्टरीतून उचलू नका, प्रत्येक वेळी नव्याने टाइप करा.