खाडीत उतरण्याआधी: परिसंस्थेचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मुंबईच्या खाडीवर, कांदळवनात किंवा खडकाळ किनाऱ्यावर काम करायचे ठरवलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. अन्नजाळे, अधिवास, जैवविविधतेचे निर्देशांक हे सगळे तुम्ही वाचलेले असणार, म्हणून त्यात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेले असते आणि प्रत्यक्षात त्याच्यापायी अख्खा हंगाम वाया जातो: एका जागेवरून कितीही नमुने घेतले तरी जागा एकच राहते.

माझे काम ठाण्याच्या खाडीतले, त्यामुळे उदाहरणे तिथलीच देते. ही खाडी दक्षिणेला मुंबई बंदराच्या बाजूला रुंद आहे आणि उत्तरेकडे अरुंद होत जाऊन ठाण्याजवळ उल्हास नदीला जोडली जाते. तिच्या एका काठावरून महानगराचे सांडपाणी येते, दुसऱ्या काठावर ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे. तरीही १९९० च्या दशकापासून इथे लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले, २०१५ मध्ये खाडीचा एक भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. लहान रोहित चोचीने पाणी गाळून सूक्ष्म शैवाल खातो, आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर हेच शैवाल फोफावते. म्हणजे ज्याला आपण सरसकट प्रदूषण म्हणतो, तेच या पक्ष्यांच्या अन्नाला खतपाणी घालत असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. दुसरीकडे गाळ साचून जमीन उंचावली की तिथे तिवर रुजते, कांदळवन पुढे सरकते आणि पक्ष्यांना चरायला लागणारी उघडी दलदल तेवढीच आक्रसते. कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे, पण कांदळवन वाढले की खाडीतल्या प्रत्येक जिवाचे भले होते असे गृहीत धरून प्रबंध लिहायला बसू नका.

इतके गुंतलेले चित्र समोर असताना नवा विद्यार्थी साहजिकच सोपा प्रश्न शोधतो. सांडपाण्याच्या नाल्याजवळ गाळातले जीव कमी असतात का, हा तसा प्रश्न. मग नाल्याच्या तोंडाशी तीस क्वाड्रॅट (नमुना घेण्याच्या ठरावीक मापाच्या चौकटी) टाकायचे, किलोमीटरभर दूर तीस टाकायचे, गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, मोजायचे आणि दोन सरासऱ्यांची तुलना करायची. चाळणी पाण्यात हलवत राहिले की काळा गाळ निथळून जातो आणि जाळीवर तांबूस दोऱ्यांसारख्या अळ्या, शिंपल्यांचे तुकडे आणि अळ्यांनी बांधलेल्या मातीच्या नाजूक नळ्या उरतात. हे काम तासन्‌तास चालते, कंबर भरून येते आणि शेवटी साठ आकडे हाती लागतात. संगणक सांगतो की फरक लक्षणीय आहे. तो आनंद मला माहीत आहे, म्हणूनच पुढचे नीट वाचा.

तुमच्याकडे साठ आकडे आहेत, पण नाला एक आहे आणि नाल्यापासून दूरची जागाही एकच आहे. चाचणीने एवढेच सांगितले की ही जागा आणि ती जागा वेगळी आहे. वेगळी का आहे, याबद्दल तिने अवाक्षर काढलेले नाही. नाल्याजवळचा गाळ अधिक बारीक असेल. ती जागा हातभर उंच असेल, म्हणजे ओहोटीला अधिक वेळ उघडी पडत असेल. तिथली क्षारता कमी असेल, कारण नाला नसता तरी उत्तरेकडे सरकताना पाणी गोडसर होतच जाते. या प्रत्येक कारणाने जिवांची संख्या बदलते आणि ही सगळी कारणे तुमच्या तीसही क्वाड्रॅटमध्ये सारखीच बसलेली आहेत. क्वाड्रॅट तीनशे केलेत तर त्या दोन जागांची सरासरी अधिक नेमकी कळेल, पण नाल्याविषयीचे तुमचे ज्ञान तसूभरही वाढणार नाही. शंका विचारली की मला ‘नमुने वाढव’ एवढाच सल्ला मिळत असे, आणि मी वाढवत राहिले.

एकाच जागेचे अनेक नमुने स्वतंत्र पुरावे म्हणून मोजण्याच्या या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यावर लिहिलेला लेख मूळातून वाचा, सारांशावर भागवू नका. त्यांनी तपासलेल्या प्रायोगिक अभ्यासांपैकी ज्यांनी अशा संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या होत्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत हाच दोष होता. हे छापून आलेले, तज्ज्ञांनी तपासलेले लेख होते, तेव्हा तुमच्या आराखड्यात हा दोष निघाला तर स्वतःला नालायक समजण्याचे काहीच कारण नाही.

यावर अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांचे नाव पुढे करणारे लोक भेटतील. त्यांनी १९६३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किनाऱ्यावर सुमारे आठ मीटर लांबीच्या एका पट्ट्यातून पिसास्टर नावाचा तारामासा सतत काढून टाकला. शिंपल्यांनी जागा व्यापली आणि तिथल्या १५ जाती ८ वर आल्या. शेजारचा पट्टा तुलनेसाठी तसाच ठेवला होता. एकास एक तुलनाच होती ती, हे खरे. पण त्यांनी तारामासा स्वतः काढला होता, काय होते ते वर्षानुवर्षे पाहिले होते आणि पुढे टाटूश बेटावर व न्यूझीलंडमध्ये असेच प्रयोग पुन्हा केले. आपण नाला स्वतः सुरू केलेला नसतो आणि बंदही करू शकत नाही.

मग करायचे काय? एका नाल्यावरचे तीस क्वाड्रॅट पाचवर आणा आणि वाचलेल्या श्रमात चार-पाच नाले गाठा. तुलनेच्या जागा सगळ्या एका टोकाला न ठेवता नाल्यांच्या मध्येमध्ये पेरा. विश्लेषणात प्रत्येक जागेची सरासरी हा एक आकडा धरा. शेवटी दहाच आकडे उरतील आणि पोटात गोळा येईल, पण ते दहा आकडे तुमच्या प्रश्नाशी प्रामाणिक असतील. एकाच नाल्यावर काम करणे भाग असेल तर ते त्या नाल्याचे वर्णन म्हणून लिहा. चांगले वर्णन कमी प्रतीचे असते, हे मला कधीच पटलेले नाही.

भरतीचेही असेच आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहा-सातला असते आणि पाणी खूप आत जाते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या, दिवसांत ती दुपारकडे सरकते आणि खालचा गाळ उघडाच पडत नाही. फक्त रविवारी जाणाऱ्याच्या वाट्याला साधारणपणे एकदा उधाण, एकदा भांग असे आलटून पालटून येते. नाला एका रविवारी आणि तुलनेची जागा पुढच्या रविवारी केलीत, तर तुम्ही भरतीची तुलना केलीत.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती लेख आले यापेक्षा ते गेल्या वर्षी गाळात उतरले होते का, ते विचारा. हे माझे ठाम मत आहे. आणि काठावर शिवल्या (शिंपले) काढणाऱ्या कोळणींशी पहिल्याच दिवशी बोला. माझ्या तुलनेच्या जागेवर शिवल्या इतक्या कमी का, याचे उत्तर अशाच एका मावशींनी दिले: “पोरी, तिथल्या शिवल्या गेल्या उधाणाला आम्हीच काढल्या, आता तिथे काय मिळणार?” माणसाचा हात आराखड्यात नसला तरी खाडीत असतोच, म्हणून तेव्हापासून कुठे कोण काय काढते याची नोंद मी गाळाच्या नोंदीशेजारीच ठेवते.

आयत्या माहितीपासून जपा. सीनियरची जुनी एक्सेल फाइल घ्यायला हरकत नाही, पण जागेची उंची, तिथी आणि चाळणीची जाळी लिहिलेली नसेल तर ती बाजूला ठेवा. फोटोवरून ओळखणारे अ‍ॅप पक्ष्यांना ठीक. गाळातल्या अळ्यांचे केस आणि जबडे सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागतात. ते शिकायला वेळ लागतो, सुरुवातीला सगळ्या सारख्याच दिसतात, आणि मग हळूहळू दिसू लागते.

अभयारण्याच्या हद्दीत काम असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय एकही नमुना उचलू नका. अर्जात प्रत्येक जागा नकाशावर दाखवा, आणि जागा पक्क्या करण्याआधी आराखडा एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला दाखवा, कारण परवानगी मिळाल्यानंतर जागा बदलायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अर्ज. रोहित हिवाळ्याच्या सुरुवातीला येऊ लागतात, तेव्हा त्या हंगामात काम करायचे असेल तर अर्ज पावसाळा सुरू होण्याआधीच पोहोचलेला बरा.